मुलीच्या स्वरयंत्रातल्या गाठी पुन्हा पुन्हा येतात: विषाणूने रूप बदललं का?

प्रश्न थोडक्यात असा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या एका ताई बारावीला जीवशास्त्र शिकवतात. त्यांची मुलगी सहा वर्षांची. आवाज दोन वर्षांपासून घोगरा. पहिले काही महिने दमा समजून पंप दिले गेले, मग दुर्बिणीने पाहिल्यावर स्वररज्जूंवर गाठी (पॅपिलोमा) दिसल्या. गेल्या चौदा महिन्यांत चार वेळा भूल देऊन त्या काढल्या आणि चारही वेळा त्या परत आल्या. तुकड्याच्या तपासणीत एचपीव्ही ११ निघाला (एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, चामखिळी आणणारं विषाणूंचं घराणं; ११ हा त्यातल्या प्रकाराचा क्रमांक). ताई विचारतात: कोरोनासारखा हाही रूप बदलतो, म्हणून गाठी परत येतात का? एका लॅबने विषाणूच्या ‘व्हेरियंट’ची महागडी तपासणी सुचवली आहे, ती करावी का? आणि अगदी शेवटच्या ओळीत: हे माझ्याकडून आलं का?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो तुम्ही शेवटी आणि एकाच ओळीत उरकलाय, पण रात्री झोप त्यानेच उडते हे मी पुष्कळ आयांकडे पाहिलंय. विषाणू बहुधा जन्माच्या वेळी तुमच्याकडूनच गेला असणार. यात चूक मात्र तुमची काडीचीही नाही. एचपीव्ही ६ आणि ११ हे इतके सर्रास आढळतात की कितीतरी माणसं ते बाळगून असतात आणि त्यांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. डेन्मार्कमधल्या नोंदी पाहा: गरोदरपणात जननमार्गावर उघड चामखिळी असलेल्या आयांच्या दर १००० बाळंतपणांमागे ७ मुलांना पुढे हा आजार झाला. म्हणजे विषाणू समोर दिसत असूनही ९९३ मुलं सुटली. सिझेरियन केलं असतं तर टळलं असतं का? तशी हमी नाही. सिझेरियनने जन्मलेल्या मुलांतही हा आजार दिसतो, म्हणून केवळ एवढ्यासाठी कोणी सिझेरियन सुचवत नाही. घरात ताटवाट्या वेगळ्या केल्या असतील तर त्या पुन्हा एकत्र करा. ताटातून हा पसरत नाही.

आता विषाणूकडे. तुम्ही जीवशास्त्र शिकवता, तेव्हा जरा खोलात जातो.

कोरोनाचा विषाणू आरएनएचा, सुमारे ३०,००० अक्षरांचा. स्वतःच्या नकला काढायचं यंत्र तो बरोबर घेऊन येतो आणि ते यंत्र चुका करतं. महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलून पक्की होत गेली, हे आपण २०२० पासून रोज वर्तमानपत्रात वाचत होतो. एचपीव्हीचं घराणंच वेगळं. हा डीएनएचा, गोल बांगडीसारखा, जेमतेम ७,९०० अक्षरांचा. त्यात आठ-नऊ जनुकं, तीही एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली, मुंबईच्या चाळीतल्या खोल्यांसारखी. नक्कल काढायचं यंत्र त्याच्याकडे नाहीच. ई-वन आणि ई-टू ही त्याची दोन प्रथिनं डीएनएचे दोन धागे ठरलेल्या जागी उलगडतात, आणि पुढचं नक्कल काढायचं काम तुमच्या मुलीच्या पेशीतलं यंत्र करतं. ते यंत्र लिहिलेलं पुन्हा तपासून पाहतं, चूक खोडून दुरुस्त करतं. परिणाम असा की एचपीव्हीच्या एका वंशात एखाद्या अक्षराचा बदल पक्का व्हायला हजारो वर्षं लागतात. तुमच्या मुलीच्या गळ्यात आहे तो एचपीव्ही ११ आपल्या पणज्यांच्या काळातल्या एचपीव्ही ११ पेक्षा वेगळा असण्याचं कारण नाही.

रुग्णांमध्येही हे पडताळून झालंय. एकाच माणसाची पहिली गाठ आणि कित्येक वर्षांनंतरची गाठ, दोन्हींतला विषाणू अक्षर न् अक्षर वाचून पाहिला, तर बहुतेकांत तोच विषाणू मिळाला. म्हणजे बाहेरून नवा येत नाही आणि आतला वेष बदलत नाही. चौथ्या ऑपरेशनला जो होता तो पहिल्याच्या वेळचाच.

मग गाठ परत का येते?

विषाणूच्या त्या बांगडीत एक पट्टी अशी आहे की जिच्यातून कुठलंच प्रथिन तयार होत नाही. एकूण लांबीचा सुमारे दहावा भाग. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एलसीआर म्हणतात, मी विद्यार्थ्यांना ‘खटक्यांची पाटी’ म्हणून सांगतो. जुन्या वाड्यांत दाराशेजारी लाकडी पाटीवर काळे गोल खटके असायचे ना, तशी. कुठलं जनुक कधी चालू, किती जोरात, कधी बंद, ते इथे ठरतं. गंमत म्हणजे या पाटीवर बोट ठेवणारी बहुतेक प्रथिनं विषाणूची नसतात, आपल्याच पेशीची असतात. एपी-वन आणि एसपी-वन खटका वर करतात (इथे वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद), वायवाय-वन बऱ्याचदा खाली दाबून धरतं. पेशी वाढीच्या घाईत असेल तर एपी-वन भरपूर, पेशी निवांत असेल तर थोडं. थोडक्यात, विषाणूने आपल्या घराची किल्ली घरमालकाच्या मनःस्थितीला बांधून ठेवलीय.

विषाणूचा स्वतःचा माणूस या पाटीवर एकच, ई-टू. त्याला बसायला चार जागा आहेत, आणि प्रत्येक जागेची खूण सारखी: ए-सी-सी-जी, मध्ये कोणतीही चार अक्षरं, मग सी-जी-जी-टी. समोरच्या धाग्यावर उलटीकडून वाचलं तरी टोकाची अक्षरं तीच, आपल्या ‘चिमा काय कामाची’सारखी. चारपैकी दोन जागा टाटा बॉक्सला अगदी खेटून आहेत (टाटा म्हणजे टी-ए-टी-ए ही अक्षरं, जमशेदजींचा इथे संबंध नाही). टाटा बॉक्सवर पेशीचं वाचनयंत्र येऊन बसतं आणि ई-सिक्स, ई-सेव्हन ही पेशीला वाढायला लावणारी जनुकं वाचू लागतं. ई-टू थोडं असेल तर ते लांबच्या जागांवर बसून कामाला हातभार लावतं. पुष्कळ झालं की जवळच्या दोन्ही जागा अडवतं, शेजारच्या एसपी-वनला ढकलतं, वाचनयंत्राला टेकायला जागा उरत नाही आणि दुकान बंद. स्वतःच्या मालाने स्वतःचं दुकान बंद करण्याची ही सोय मला तीस वर्षांनंतरही सुंदर वाटते, रुग्णासमोर हे बोलता येत नसलं तरी. आणखी एक पदर आहे. ई-टूच्या खुणेत सी आणि जी शेजारी शेजारी येतात, आणि नेमक्या अशाच ठिकाणी आपली पेशी डीएनएवर मिथाइलची छोटी टिकली लावते. टिकली लागली की ई-टूला तिथे बसता येत नाही. डीएनएचं एकही अक्षर बदलत नाही, तरी खटक्याचं वागणं बदलतं.

हे सगळं स्वररज्जूवर कसं दिसतं? विषाणू तळाच्या थरातल्या पेशींत शिरतो आणि तिथे थोड्या नकला राखून गप्प बसतो. पेशी वर सरकत जाते, पक्व होत जाते, तसतसे पाटीवरचे खटके एकेक करून बदलतात. कवचाची प्रथिनं, एल-वन आणि एल-टू, अगदी वरच्या, मरायला टेकलेल्या थरातच बनतात. पेशी फोडून बाहेर पडायची गरजच नाही, पेशी आपसूक गळते आणि विषाणू तिच्याबरोबर जातो. रक्तात तो येत नाही, सूज फारशी आणत नाही, ताप नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना चाहूल लागावी तरी कशाची?

काढलेला तुकडा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर वरच्या थरात काही पेशी अशा दिसतात: मध्ये सुरकुतलेलं, मनुक्यासारखं केंद्रक आणि त्याभोवती रिकामं पांढरं वलय. दुर्बिणीतून गाठ दिसते ती तुतीच्या फळासारखी, गुलाबी, बारीक बोटांचा घोस, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला एक लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे त्या बोटात वर चढलेली केशवाहिनी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हे सगळं ओरबाडून काढलं की संपलं.

मलाही तसंच वाटलं होतं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाच्या गाठी मी दोन्ही स्वररज्जूंवरून, अगदी पुढे जिथे त्या जोडल्या जातात त्या कोपऱ्यापर्यंत, एकाच बैठकीत साफ केल्या. फार समाधान वाटलं होतं. दोन महिन्यांनी गाठी परत आल्याच, शिवाय पुढच्या कोपऱ्यात दोन्ही जखमा एकमेकींना चिकटून पडदा तयार झाला होता. गाठीचा घोगरेपणा कधीतरी जाऊ शकला असता, पडद्याचा मी कायमचा करून ठेवला. तेव्हापासून पुढचा कोपरा मी एका वेळी एकाच बाजूचा घेतो आणि थोडी गाठ राहिली तर राहू देतो.

कारण गाठीशेजारच्या स्वच्छ, गुळगुळीत दिसणाऱ्या अस्तरातही विषाणूचा डीएनए असतो, हे १९८३ सालापासून माहीत आहे. तिथे त्याचे खटके खाली असतात, म्हणून काही दिसत नाही. आपण कितीही खोल कापलं तरी तो शेजार काढून टाकता येत नाही. उलट जखम झाली की ती भरायला तळाच्या पेशी भराभर विभागू लागतात, वाढीचे संदेश सुटतात, एपी-वन वाढतं, आणि खटका वर. म्हणूनच गळ्याला भोक पाडून नळी बसवली की नळीच्या काठावर आणि खाली श्वासनलिकेत गाठी उगवण्याची भीती असते. श्वास अडलाच तर नळी बसवावी लागते, तिथे वाद नाही. पण सोय म्हणून ती कोणी सुचवली तर दुसरं मत घ्या.

आता व्हेरियंटच्या तपासणीबद्दल. विषाणू हळू बदलतो म्हणजे सगळीकडे एकसारखा असतो असं नाही. हजारो वर्षांत शाखा पडल्यात. एचपीव्ही ६ मध्ये ए आणि बी अशा दोन ठळक शाखा आहेत. एचपीव्ही ११ त्यामानाने फार एकजिनसी, जगभरातले नमुने शेजारी ठेवले तरी फरक एक टक्क्याच्या आत. जे फरक आहेत त्यांतले बरेच खटक्यांच्या पाटीवर असतात, कारण तिथे अक्षर हललं तर प्रथिन बिघडत नाही, विषाणू तगून जातो. प्रयोगशाळेत या वेगवेगळ्या पाट्या काजव्याच्या प्रकाशाच्या जनुकाला जोडून मोजल्या, तेव्हा काही जास्त उजेड पाडतात, काही कमी, हे खरं आहे. पण बशीतल्या पेशीत जास्त उजेड पडला म्हणून तुमच्या मुलीला पाचवं ऑपरेशन दोन महिन्यांनी लागेल की सहा महिन्यांनी, हे त्यावरून कुणालाही सांगता येत नाही.

एक अपवाद सांगायला हवा. फार आक्रमक झालेल्या, क्वचित कर्करोगाकडे वळलेल्या काही गाठींत या पाटीचा तुकडा दुबार झालेला सापडलाय. मी स्वतः असा एक नमुना एका संशोधक विद्यार्थिनीच्या टेबलावर पाहिला होता. पीसीआर करून जेलवर चालवला (तिथे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) तर पट्टा अपेक्षेपेक्षा वर थांबलेला, म्हणजे तुकडा लांब. तिला वाटलं जेल बिघडलं, तिने तीनदा चालवलं. खटक्यांची अर्धी पाटी दोनदा बसवलेली होती. पण हा बदल त्या एका गाठीपुरता, त्या रुग्णात घडलेला असतो, तो ‘घातक स्ट्रेन’ म्हणून गावभर फिरत नाही. आणि अशी शंका येते ती गाठीच्या वागण्यावरून आणि पॅथॉलॉजीच्या काचेवरून. काच साधी असताना हे शोधत बसण्यात अर्थ नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगतो: ती तपासणी करू नका. तिच्या निकालाने उपचारात तसूभरही फरक पडणार नाही. काही काळापूर्वी माझ्याकडे एक कुटुंब असाच रिपोर्ट घेऊन आलं होतं, त्यावर लाल अक्षरात ‘व्हेरियंट आढळला’ आणि खाली काहीच नाही. आढळला म्हणजे काय? प्रत्येक विषाणू कुठला ना कुठला व्हेरियंट असतोच, प्रत्येक माणसाला काहीतरी आडनाव असतं तसा. त्या आईने महिनाभर त्या लाल अक्षरांची धास्ती घेतली. तुमच्या कामाची तपासणी होऊन गेलीय: ६ की ११.

त्याबद्दलही एक खुलासा, कारण तुम्ही शोधाशोध केली असेलच. ११ असला तर आजार जास्त त्रास देतो असं सगळीकडे लिहिलेलं सापडेल. सरासरीत ते दिसतं खरं. पण ११ वाली मुलं वयानेही लहान असतात, आणि वयाचा हिशेब वेगळा काढून पाहिला तर आजाराचा जोर ठरवण्यात वयाचा वाटा मोठा निघतो. जितक्या लहानपणी सुरुवात, तितकी जास्त ऑपरेशनं. लहान मुलांचा श्वासमार्गही अरुंद, तेवढ्याच गाठीने धाप लवकर लागते. तुमच्या मुलीची सुरुवात चौथ्या वर्षी झाली. अगदी दोन वर्षांच्या आतली ती नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

११ चं एक लक्षात ठेवावं लागतं. फुप्फुसात उतरलेल्या आणि पुढे कर्करोग झालेल्या थोड्या रुग्णांत बहुतेकदा हाच सापडतो. हे घडतं फार क्वचित आणि बहुधा बऱ्याच वर्षांनी. १६ आणि १८ या घातक भावंडांची बांगडी तुटून आपल्या गुणसूत्रात घुसते, ई-टू त्यात मोडतं आणि ई-सिक्स-ई-सेव्हनवरचा लगाम सुटतो. ६ आणि ११ ची बांगडी सहसा अखंड राहते, लगाम शाबूत राहतो. शिवाय त्यांच्या ई-सिक्सला आपल्या पी-५३ या रखवालदाराला संपवणं जमत नाही. म्हणून ही गाठ साधी. तरीही काढलेला तुकडा दर वेळी पॅथॉलॉजीला जाऊ द्या, ‘मागच्या वेळी पाहिलं होतं’ म्हणून टाळू देऊ नका, आणि तुकडा ज्यात बसवून ठेवतात ते मेणाचे ठोकळे जपून ठेवायला सांगा. पुढे कधी जुनं-नवं ताडून पाहायची वेळ आली तर ते ठोकळे लाखमोलाचे ठरतात.

फरक शोधायचाच तर तो विषाणूपेक्षा यजमानात जास्त सापडतो. एका कुटुंबात दोन भावांना हा आजार झाला होता, त्यांच्यात एनएलआरपी-वन या प्रतिकारशक्तीच्या जनुकात बिघाड निघाला, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. असे जनुकीय बिघाड दुर्मीळ आहेत. बाकीच्यांत बहुधा छोट्या छोट्या उणिवांची बेरीज असते. तुमच्या घरात आणखी कुणाला त्रास नसेल तर त्याही मागे लागू नका.

उपचार थोडक्यात, कारण ते तुमच्या डॉक्टरांचं क्षेत्र. मायक्रोडिब्रायडर (गाठ खरवडून शोषून घेणारं बारीक फिरतं पातं) किंवा लेसरने, जपून, श्वास मोकळा राहील आणि आवाज वाचेल इतपत काढणं हाच आजही पाया आहे. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा ऑपरेशन लागू लागलं किंवा खाली पसरलं तर जोडीला औषधाचा विचार होतो. बेव्हासिझुमॅब शिरेतून देतात. ते विषाणूला हात लावत नाही, त्या लाल ठिपक्याची, म्हणजे नव्या रक्तवाहिन्यांची रसद तोडतं. अनेकांत गाठी झपाट्याने आकसतात, पण थांबवलं की पुष्कळदा परत येतात, आणि का येतात ते वर वाचलंतच. अमेरिकेत २०२५ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या माणसांसाठी एका इंजेक्शनला मान्यता मिळाली. ते शरीराच्या टी-पेशींना ६ आणि ११ ची प्रथिनं ओळखायला शिकवतं. विषाणू न बदलणारा असल्याचा फायदा इथे होतो: एकदा शिकवलेला चेहरा जुना होत नाही. मुलांसाठी मात्र ते अजून नाही.

लशीचंही तेच. २००६ ची चार प्रकारांची लस ६, ११, १६ आणि १८ च्या नुसत्या रिकाम्या कवचावर बनलेली, आणि विषाणू बदलला म्हणून ती कवचं बदलावी लागलेली नाहीत. ऑस्ट्रेलियात मुलींना लस दिल्यावर मुलांमधला हा आजार २०१२ मध्ये लाखामागे ०.१६ होता तो २०१६ मध्ये ०.०२ वर आला. आपल्याकडे पुण्याच्या सीरमची चार प्रकारांची लस २०२२ मध्ये मंजूर झाली. लस घेताना तीत ६ आणि ११ आहेत ना, एवढं विचारा. फक्त १६-१८ ची असेल तर या आजाराला ती उपयोगाची नाही. लस नऊ वर्षं पूर्ण झाल्यावर देतात. झालेला आजार ती बरा करेल असं नाही, मात्र काही रुग्णांत दोन ऑपरेशनांमधलं अंतर वाढल्याचं दिसलंय, म्हणून नऊ पूर्ण झाली की मी देतो. घरात नऊ वर्षांपुढची भावंडं असतील तर त्यांना आताच द्या.

पंपाबद्दल एक ओळ. तुमच्या मुलीचे ते महिने फुकट गेले याचा राग समजतो. मूल घोगरं असेल आणि श्वास आत घेताना आवाज येत असेल तर तो दमा नव्हे, दम्यात शिट्टी सहसा श्वास सोडताना वाजते. पुढच्या वेळी शाळेत एखादं मूल असं दिसलं तर त्याच्या आईला एवढं नक्की सांगा.

आणि गाण्याचा क्लास. तुम्ही लिहिलंय की आजीबाई तिला दर आठवड्याला हजिऱ्याला तानसेनच्या समाधीवर नेऊन आवाज सुधारावा म्हणून तिथल्या चिंचेची पानं चघळायला देतात, आणि क्लास मात्र तुम्ही बंद केलाय. मी उलटं करीन. गाण्याने खटका वर होत नाही. ऑपरेशननंतर तुमचे सर्जन सांगतील तेवढे दिवस आवाजाला विश्रांती, मग क्लास सुरू, फक्त पट्टी तिला झेपेल ती, आणि ओरडून गायचं नाही. चिंचेची पानं धुऊन द्या आणि ऑपरेशनच्या सकाळी अजिबात नको. गेल्या हिवाळ्यात भूल द्यायच्या आधी एका पोराच्या गालात मला ती पानं सापडली होती, भूलतज्ज्ञांनी त्याचं ऑपरेशन रद्द केलं आणि आजी आमच्यावरच रागावल्या.